ओळंब्यातून ढळलेले मनोरे

देवालयाच्या प्रांगणात पाऊल टाकताच भाविकाची दृष्टी प्रथम ज्या वास्तूकडे वळते, ती म्हणजे दीपस्तंभ होय. प्रियोळच्या श्रीमंगेश देवालयासमोरचा सात मजली दीपस्तंभ तर गोमंतकाची ओळखच होऊन बसला आहे. उत्सवाच्या रात्री त्याच्या कोनाड्या-कोनाड्यांतून पणत्या उजळल्या, की वास्तुकलेचा विचार कोणाच्याही मनात येत नाही, आणि येऊही नये. परंतु ज्या कुटुंबांकडे महाजन या नात्याने देवालयाच्या वास्तूची जबाबदारी परंपरेने चालत आलेली आहे, त्यांना उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी त्याच स्तंभाकडे निराळ्या दृष्टीने पाहावे लागते. गिलावा कोठे सुटला, चिरा कोठे हलला, भेग कोठे वाढली, हे पाहावे लागते. आणि एखाद्या पावसाळ्यानंतर असा स्तंभ किंवा शिखर किंचित एका अंगाला कलल्यासारखे वाटू लागले, तर मंडळींसमोर मोठाच प्रश्न उभा राहतो : हे पाडून नवे बांधावे, की आहे ते राखावे?

या प्रश्नाचे उत्तर भीतीने किंवा नुसत्या भक्तीने देता येत नाही. जुने उंच बांधकाम का कलते आणि कललेले असूनही शतकानुशतके उभे कसे राहते, हे समजून घेतले तरच ते देता येते. प्रस्तुत लेखाचा उद्देश तेवढाच आहे.

भूमीचे दोन स्वभाव

हा लेख भोपाळच्या सोनागिरी वसाहतीतून लिहिला जात आहे. (दतियाजवळचे सोनागिरी हे सुप्रसिद्ध जैन तीर्थक्षेत्र, ते निराळे.) भोपाळात मनोरे पुष्कळ आहेत, पण कललेला मनोरा म्हणून प्रसिद्ध असा येथे एकही नाही. तथापि मनोरे का कलतात याचा पहिला धडा या शहराच्या भूमीइतका स्पष्टपणे क्वचितच कोठे मिळेल. येथील टेकड्या वालुकाश्माच्या आहेत, तर सखल भागात माळव्याची काळी माती पसरलेली आहे. ही काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घालून बांधलेल्या कुंपणाच्या भिंतीला दोन-चार वर्षांत तिरपी चीर पडते, हे येथील प्रत्येक गृहस्थाला ठाऊक आहे. तीच भिंत टेकडीवरच्या दगडावर बांधली, तर पिढ्यान्पिढ्या जागची हलत नाही.

दगडावर बांधलेल्या वास्तूचे उदाहरण भोपाळपासून सुमारे पंचवीस-तीस किलोमीटरवर, वेत्रवतीच्या म्हणजे बेतवेच्या काठी भोजपूर येथे उभे आहे. परमार राजा भोज याने अकराव्या शतकात आरंभिलेले आणि अपुरे राहिलेले हे शिवमंदिर उघड्या खडकावर बांधलेले आहे. सभोवतालच्या खडकांवर कारागिरांनी कोरलेले नकाशे आणि प्रचंड शिळा वर चढविण्यासाठी केलेला उतरता भराव यांचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. आतील चार स्तंभ सुमारे १२ मीटर उंचीचे आहेत. या मंदिराने ऊनपाऊस सोसला, त्याचे छत भंगले, दगड तडकले; पण त्याचा पाया खचला नाही. त्याला जी हानी पोचली ती वरून पोचली, खालून नव्हे. दगडाचा विश्वास धरणाऱ्याला असा दगडाने न्याय दिला.

वास्तुशास्त्रावरील ‘समरांगणसूत्रधार’ हा ग्रंथ याच भोजराजाच्या नावावर आहे. आपल्या शिल्पग्रंथांतून भूमिपरीक्षेला अग्रस्थान दिलेले असते, ते उगाच नव्हे. भोजाच्या कित्येक शतके आधी वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त सांगितलेली परीक्षा तर आजच्या अभियंत्यालाही पटण्याजोगी आहे. हातभर खोल खड्डा खणावा आणि काढलेली माती पुन्हा त्यातच भरावी. माती उरली तर भूमी उत्तम, बरोबर भरली तर मध्यम, आणि कमी पडली तर त्याज्य. दुसरी परीक्षा पाण्याची. खड्डा पाण्याने भरावा, शंभर पावले चालून परत यावे आणि पाणी किती उरले ते पाहावे. घट्ट दाबून बसलेली माती उकरली की फुगते, म्हणून ती उरते. पोकळ, सैल माती पुन्हा भरताना दबते, म्हणून ती कमी पडते. भूमी भार किती सोसेल आणि पाणी किती शोषील, हेच दोन प्रश्न आजची मृत्तिकापरीक्षाही विचारते.

महाराष्ट्रात कललेले मनोरे फारसे प्रसिद्ध नाहीत, याचेही कारण मुख्यतः भूमीतच शोधावे लागेल. दख्खनच्या पठारावर मातीचा थर बहुधा पातळ आणि खाली बेसाल्टचा कातळ. दौलताबादचा पंधराव्या शतकातील बहामनी चांदमिनार साठ मीटरहून अधिक उंच असूनही ताठ उभा आहे, तो अशा भूमीच्या आधाराने. गंगेच्या खोऱ्यात मात्र कातळ कोठेतरी फार खोल गेलेला असतो आणि वास्तूला नदीने आणून टाकलेल्या गाळावरच उभे राहावे लागते. मराठी राज्यकर्त्यांनी आणि राजस्त्रियांनी जेथे मोठ्या श्रद्धेने बांधकामे केली ती काशी नेमकी अशाच भूमीवर वसलेली आहे.

काशीचे रत्नेश्वर

काशीला मणिकर्णिका घाटाला लागून शिंदे घाट आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे या कागलकर घाटग्यांच्या कन्या आणि दौलतराव शिंद्यांच्या पत्नी. दौलतरावांच्या निधनानंतर, १८२७ ते १८३३ या काळात, त्यांनी ग्वाल्हेरचा कारभार पाहिला. ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीची स्तंभमंडपी त्यांनी १८२८ मध्ये उभारली आणि १८३० च्या सुमारास हा घाट बांधविला. घाटाचे काम इतके भव्य आणि वजनदार होते, की तो भार काठाच्या मातीला पेलवला नाही. बांधकाम खचले आणि त्याचा भाग नदीच्या दिशेने उतरला.

याच घाटाच्या पायथ्याशी, अगदी पाण्याच्या काठी, रत्नेश्वर महादेवाचे देवालय आहे. त्याचे शिखर आज सुमारे ९ अंशांनी कललेले आहे. ९ अंश म्हणजे किती, याची कल्पना यावी म्हणून एक साधा हिशोब देतो. १२ मीटर उंचीचे शिखर ९ अंशांनी कलले, तर त्याचा माथा मूळ जागेपासून जवळजवळ १ मीटर ९० सेंटिमीटर सरकतो. म्हणजे उंच्यापुऱ्या माणसापेक्षाही अधिक. जगप्रसिद्ध पिसाचा मनोरा त्याच्या अत्यंत कललेल्या अवस्थेतही साडेपाच अंशांपलीकडे गेलेला नव्हता.

या कलण्याविषयी अनेक आख्यायिका सांगितल्या जातात. कोणा सेवकाने आईच्या नावे हे देवालय बांधले आणि ‘मातृऋणातून मुक्त झालो’ असे म्हणताच ते कलले, कारण ते ऋण फिटणारे नव्हे, अशी एक कथा आहे. अहल्याबाई होळकरांच्या रत्ना नामक दासीने देवालयाला स्वतःचे नाव दिले म्हणून बाईसाहेबांनी शाप दिला, अशी दुसरी. पहिल्या कथेतील भाव सुंदर आहे आणि तो भाव म्हणूनच जतन करावा. इतिहासाच्या दृष्टीने मात्र शापाची कथा टिकत नाही. अहल्याबाईंचे देहावसान १७९५ मध्ये झाले. १८२० ते १८३० या काळात काशीच्या टांकसाळीत असलेल्या जेम्स प्रिन्सेप याने या देवालयाचे चित्र काढले आहे, आणि १८६० च्या दशकातील छायाचित्रांतही ते कललेले दिसत नाही. म्हणजे ज्या शापाने ते कलले म्हणावे, त्या शापानंतर निदान पासष्ट वर्षे ते सरळच होते.

खरे कारण प्रिन्सेपच्याच एका नोंदीत अप्रत्यक्षपणे दडलेले आहे. देवालयाचे द्वार पाण्याखाली गेले, की पुजारी बुडी मारून पूजेला आत जात असे, असे तो लिहितो. घाटाच्या इतक्या खालच्या पातळीवर असल्याने या देवालयाचा गाभारा वर्षातील पुष्कळ काळ पाण्यात असतो आणि पूर ओसरल्यावर गाळाने भरून जातो. काठाची माती पुराच्या वेळी पाण्याने तुडुंब भरते. पूर वेगाने उतरला तरी मातीच्या पोटातील पाणी तितक्या वेगाने बाहेर पडू शकत नाही. बाहेरून नदीचा आधार गेला आणि आत पाण्याचा दाब राहिला, अशा अवस्थेत काठ नदीकडे सरकू पाहतो. शेजारचा घाट ज्या मातीवर खचला त्याच मातीवर हे देवालय उभे आहे. वर्षानुवर्षे होणाऱ्या अशा सूक्ष्म हालचालींची बेरीज म्हणजेच ते ९ अंश.

तरीही देवालय उभे आहे. २०१५ मध्ये वीज पडून शिखराच्या काही भागास इजा झाली, तरीही ते उभे आहे. असे का?

उभे राहण्याचे गणित

गवंड्याच्या हातातील ओळंबा हे या प्रकरणातील सर्वांत बोलके साधन होय. कोणत्याही वस्तूचा सर्व भार एका बिंदूत एकवटला आहे अशी कल्पना केली, तर त्या बिंदूस गुरुत्वमध्य म्हणतात. त्या बिंदूतून ओळंबा सोडला आणि त्याचे टोक पायाच्या आत पडले, तर वस्तू उभी राहते. पायाच्या बाहेर पडले, तर उलथते. दीपस्तंभ खाली रुंद आणि वर निमुळता करण्याची आपल्या पूर्वजांची रीत केवळ शोभेसाठी नव्हती. त्यामुळे गुरुत्वमध्य खाली राहतो, आणि माथा जितका सरकतो त्याच्या निम्म्याहूनही कमी गुरुत्वमध्य सरकतो.

दगड-चुन्याच्या बांधकामाला मात्र याहून कडक अट पाळावी लागते. असे बांधकाम दाब उत्तम सोसते, पण ताण मुळीच सोसत नाही. म्हणून ओळंब्याचे टोक नुसते पायाच्या आत पडून भागत नाही, ते मध्याजवळ पडावे लागते. चौकोनी पाया कोणत्याही बाजूला समांतर कलला, तर मधल्या तिसऱ्या हिश्श्यात. गोल पाया असेल, तर व्यासाच्या एक-अष्टमांश त्रिज्येच्या वर्तुळात. या गाभ्यात भार राहिला, तर पायाच्या प्रत्येक भागावर दाबच राहतो. त्याबाहेर गेला, की एका कडेचे सांधे उघडू लागतात आणि दुसऱ्या कडेवर अतिरिक्त भार येतो.

दिल्लीचा कुतुबमिनार या कसोटीवर ताडून पाहू. त्याची उंची ७२.५ मीटर आणि पायथ्याचा व्यास १४.३ मीटर. त्याचा माथा नैर्ऋत्येकडे सुमारे ६५ सेंटिमीटर सरकलेला आहे. मिनार वर निमुळता होत गेल्याने गुरुत्वमध्य निम्म्या उंचीच्याही खाली, म्हणून त्याचे सरकणे ३२ सेंटिमीटरांहून कमी. गाभ्याची मर्यादा मात्र १४.३ चा आठवा हिस्सा, म्हणजे जवळजवळ १ मीटर ८० सेंटिमीटर. मर्यादेचा पाचवा हिस्साही अद्याप ओलांडला गेलेला नाही. या मिनारावर १३६९ च्या सुमारास वीज पडली आणि फिरोजशाहाने त्याची दुरुस्ती केली. १८०३ च्या भूकंपात पुन्हा इजा झाली. पण या कलामुळे तो पडेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

पिसाचा मनोरा सुमारे ५६ मीटर उंच आणि साधारण १४,५०० टन वजनाचा. त्याचा पाया अवघा तीनेक मीटर खोल, आणि खाली मऊ गाळमाती. त्याचा गुरुत्वमध्य सुमारे साडेबावीस मीटर उंचीवर येतो. साडेपाच अंशांच्या कलात तो सव्वादोन मीटरच्या आसपास सरकलेला होता, आणि गाभ्याची मर्यादा अडीच मीटरच्या जवळपास. म्हणजे उलथण्यापासून मनोरा पुष्कळ दूर असला, तरी त्याच्या वरच्या अंगाची कड जवळजवळ भारमुक्त झाली होती आणि खालच्या अंगाच्या दगडावर व मातीवर कमालीचा दाब आला होता. खरे भय याचेच असते. मनोरे सहसा लाकडाच्या ओंडक्यासारखे उलथत नाहीत. त्यांच्या खालच्या कडेचा दगड चिरडतो, किंवा खालची माती हार खाते.

येथे उतरंडीचा दृष्टांत उपयोगी पडेल. फरशीवर रचलेली मडक्यांची उतरंड थोडी तिरपी असली तरी उभी राहते. तीच मऊ गादीवर रचली, तर ज्या बाजूला ती कलते त्या बाजूची गादी अधिक दबते. गादी दबली की कल वाढतो, आणि कल वाढला की गादी आणखी दबते. एका ठराविक उंचीनंतर ती सरळ ठेवण्याचा कितीही यत्न केला तरी पडतेच. मऊ जमिनीवरच्या उंच मनोऱ्याचे दुखणे हेच असते.

विलंबाचे वरदान

मग पिसाचा मनोरा बांधतानाच का पडला नाही? त्याला त्याच्या बांधणीतील खंडांनी वाचविले, असे आज अभ्यासक मानतात. काम ११७३ मध्ये सुरू झाले, तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचून ११७८ च्या सुमारास थांबले आणि जवळजवळ शंभर वर्षे थांबलेले राहिले. १२७२ मध्ये पुन्हा आरंभ झाला, काही वर्षांनी पुन्हा थांबले, आणि घंटाघर चढून तो पूर्ण झाला तो चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात. या मोठ्या खंडांमध्ये भाराखालची माती पाणी सोडून घट्ट होत गेली आणि पुढचा भार सोसण्यास समर्थ झाली. काम सलग झाले असते, तर मातीने केव्हाच हार खाल्ली असती. कल ध्यानी आल्यावर कारागिरांनी वरचे मजले कलाच्या विरुद्ध दिशेने किंचित वळवीत नेले, म्हणून तो मनोरा आजही सूक्ष्म बाक असलेला दिसतो.

जुनी चुन्याची बांधकामे टिकण्याचेही असेच एक कारण आहे. चुना सावकाश घट्ट होतो, आणि घट्ट झाल्यावरही सूक्ष्म हालचालीला थोडा वाव देतो. बारीक चीर पडली, तर पाण्यासोबत विरघळलेला चुना पुन्हा तिच्यात साकळून ती काही अंशी भरून काढतो. हालचाल मंद असेल, तर अशी भिंत तिच्याशी जुळवून घेते. म्हणून जुन्या वास्तूच्या बाबतीत ‘किती कलली?’ यापेक्षा ‘किती वेगाने कलते आहे?’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

उपकारबुद्धीने केलेल्या घाईने काय होते, हेही पिसाच इतिहासात सांगून ठेवतो. १८३८ मध्ये मातीत रुतलेला पायथा लोकांना दिसावा म्हणून मनोऱ्याभोवती खणले. पाणी उसळून आले आणि कल एकदम वाढला. १९३४ मध्ये पाया बळकट करण्यासाठी त्यात भोके पाडून सिमेंटचा रस भरला. पुन्हा कल वाढला. पुढे परिसरातील भूजलाच्या उपशानेही कल वाढल्याचे आढळून आले. शेवटी १९९० च्या जानेवारीत मनोरा लोकांसाठी बंद करण्यात आला. १९९३ मध्ये उंच राहिलेल्या उत्तर बाजूस ६०० टन शिसे तोल म्हणून ठेवले. त्यानंतर तिरप्या नळ्यांनी त्याच उत्तर बाजूखालची माती अगदी थोडी थोडी, रोज मोजमाप घेत, काढण्यात आली. माथा सुमारे ४४ सेंटिमीटर मागे आला आणि डिसेंबर २००१ मध्ये मनोरा पुन्हा उघडला. त्याला पूर्ण सरळ करण्याचा हट्ट कोणी धरला नाही. सुरक्षित होईल इतकाच तो मागे आणला, आणि मनोऱ्याच्या अंगाला जवळजवळ हातही लावला नाही. उपाय केला तो भूमीवर.

सरळ असून कोसळलेले

याउलट, जे कललेले नव्हते ते सुरक्षित होते असेही नाही. व्हेनिसचा सुमारे ९९ मीटर उंच घंटामनोरा १४ जुलै १९०२ रोजी जागच्या जागी ढिगारा होऊन पडला. आधीचे काही दिवस त्याच्या भिंतीत भेग वाढताना दिसत होती. इटलीतीलच पाव्हिया नगरीचा मनोरा १७ मार्च १९८९ रोजी कोसळला आणि चार माणसे मृत्युमुखी पडली. शतकानुशतकांच्या भाराने त्याचा गाभा आतून चिरडत आलेला होता. बाहेरून तो ताठ होता. बोलोन्याच्या गारिसेंदा मनोऱ्याची कथा याच्या उलट. सुमारे ६० मीटरांचा तो मनोरा कलू लागला, म्हणून चौदाव्या शतकात नगरवासीयांनी त्याचा माथा उतरवून तो ४८ मीटरांवर आणला. भार कमी झाला आणि तो सव्वातीन मीटर कललेल्या अवस्थेत साडेसहा शतके टिकला. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याच्या पायथ्याच्या दगडाची चिंता वाटू लागली, तेव्हा सभोवतालचा परिसर बंद करण्यात आला.

आपल्या गोमंतकातील साक्ष तर घराजवळचीच आहे. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलचे दोन मनोरे होते. त्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला, म्हणून ते आज एकांगी दिसते. तेथूनच जवळ संत ऑगस्टीनच्या मठाचा सुमारे ४६ मीटर उंचीचा, जांभ्या दगडाचा मनोरा आहे. पोर्तुगीज सत्तेने धार्मिक संघांची हकालपट्टी केल्यावर १८३५ मध्ये ती वास्तू ओस पडली. सात वर्षांत, १८४२ मध्ये, चर्चचे छत कोसळले. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा हिस्सा पडला. आज उरला आहे तो उरलेला अर्धा. या वास्तूची माणसे गेली आणि छपरातून पाणी आत शिरू लागले. सुमारे ३००० मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात जांभ्याचे बांधकाम उघडे पडले, की त्याचा शेवट ठरलेला असतो.

महाजनांनी काय पाहावे

या सर्व इतिहासातून आपल्या मंडळींच्या उपयोगाचे काही निष्कर्ष निघतात.

पहिला निष्कर्ष असा, की कल हे लक्षण आहे, रोग नव्हे. आणि रोग बहुधा पाण्यात असतो. जांभ्याचा चिरा पाणी शोषतो आणि त्याच्या खाली पुष्कळ ठिकाणी मऊ, चिकण थर असतो. दीपस्तंभाच्या एका अंगाला पन्हळीचे पाणी पडत असेल, पायथ्याशी फरशी घालताना उतार उलटा झाला असेल, शेजारी नवी टाकी, विहीर किंवा कूपनलिका खणली गेली असेल, तर प्रथम तिकडे पाहावे. चिऱ्याच्या सांध्यात रुजलेले पिंपळाचे रोप वेळीच काढावे; त्याचे मूळ पुढे पाचरीचे काम करते.

दुसरा निष्कर्ष मोजमापाचा. माथ्यापासून ओळंबा सोडून पायथ्याशी पितळी खूण करावी आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर अशा दोन वेळा ते अंतर वहीत लिहावे. भेगेवर काचेची पट्टी चुन्याने किंवा सिमेंटाने दोन्ही कडांना चिकटवावी आणि तिच्यावर तारीख घालावी. भेग वाढली तर काच तडकते. तडकली नाही तर भेग जुनी आणि शांत आहे असे समजावे. अशी दहा वर्षांची वही कोणत्याही तज्ज्ञाला दहा भाषणांपेक्षा अधिक सांगेल. आपल्याकडे देवाच्या अलंकारांची आणि उत्सवखर्चाची नोंद काटेकोरपणे ठेवली जाते. वास्तूच्या प्रकृतीची नोंदही त्याच कपाटात असावी.

तिसरा निष्कर्ष संयमाचा. चुन्याच्या स्तंभाला वरून सिमेंटचा गिलावा चढविला, की आतले पाणी आतच कोंडते आणि मऊ चिरा आतून झिजतो. माथ्यावर काँक्रीटचा नवा जड कळस चढविणे म्हणजे गादीवरच्या उतरंडीवर आणखी एक मडके ठेवण्यासारखे आहे. पायथा मोकळा करून दाखविण्यासाठी खणणे किती धोक्याचे असते, हे १८३८ च्या पिसाने दाखविले आहे. जुन्या वास्तूंचे ज्ञान असलेल्या अभियंत्याचा सल्ला घेतल्याविना यांतील काहीही करू नये. आणि कल वर्षागणिक वाढतो आहे किंवा पायथ्याचा दगड चिरडतो आहे असे नोंदीवरून दिसले, तर मात्र क्षणाचाही विलंब न करता स्तंभाभोवतीचा परिसर बंद करावा. त्या वेळी उत्सवाची अडचण पुढे करू नये. माणसाच्या जीवापुढे दगडाचे मोल नाही.

जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थ जीर्ण झालेल्याला वर काढणे असा आहे. जीर्ण झालेले पाडणे असा नव्हे. अलीकडे देवालयांजवळ पूर्वीपेक्षा अधिक निधी जमतो, आणि निधी जमला की नवे बांधण्याचा मोह होतो. नवा स्तंभ सरळ असेल, सुबकही असेल. पण ज्या हातांनी जांभ्याचे चिरे घडविले, घाणीत चुना मळला आणि अष्टकोनी मजल्यावर मजला रचून त्याचा भार भूमीच्या स्वाधीन केला, त्या हातांचे काम एकदा उतरविले की परत मिळत नाही. त्या पूर्वजांची नावे बहुतेक ठिकाणी आपल्याला ठाऊकही नाहीत. त्यांनी आपल्यापाशी ठेवलेली ठेव म्हणजे तो स्तंभ.

तेव्हा पुढील सर्वसाधारण सभेत अंदाजपत्रकाच्या विषयांबरोबर एक लहानसा विषय जरूर मांडावा : आपल्या देवालयाचा दीपस्तंभ आणि शिखर यांचा ओळंबा यंदाच्या पावसाळ्यापूर्वी घेणे, आणि त्यासाठी एक वही घालणे. खर्च अगदी थोडा आहे. काम तरुण मंडळींनी करावे, आणि वडीलधाऱ्यांनी शेजारी उभे राहून स्तंभ पूर्वी कसा दिसत असे ते सांगावे.